कॅमेरा घ्यायचा की मास्तर आणायचा?

प्रश्न : परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या एक वाचक कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. त्यांच्याभोवती आजी-माजी विद्यार्थ्यांचा ९ जणांचा गट जमला आहे, ५ मुलं आणि ४ मुली. मागच्या वर्षी गटाने मोबाइलवर २२ मिनिटांची शॉर्टफिल्म केली. विषय शेतकरी आत्महत्येचा, कारण ‘महोत्सवात असंच चालतं’ असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ९ महोत्सवांना पाठवली, ९ ठिकाणांहून नकार आला. गावात ती अजून कोणी पाहिलेली नाही, कारण ‘आधी बाहेर नाव होऊ द्या’ असं मुलांचं म्हणणं. आता एका माजी विद्यार्थ्याने आणि काही व्यापाऱ्यांनी मिळून ८०,००० रुपये दिलेत आणि त्यावरून गट फुटायची वेळ आली आहे. तिघांना कॅमेरा हवा. चौघांना मुंबईहून तज्ज्ञ बोलावून ३ दिवसांची कार्यशाळा हवी, मानधन ४०,००० आणि येण्याजाण्याचं वेगळं. उरलेले दोघे म्हणतात, पैशातून एकाला पुण्याला कोर्सला पाठवा. वाचक विचारतात : “आमच्याकडे साधन नाही आणि शिकवणारंही कोणी नाही. मग सुरुवात तरी कुठून करायची?”

उत्तर : तुमची सुरुवात होऊन वर्ष झालं. ९ जणांनी मिळून २२ मिनिटांची फिल्म शेवटापर्यंत नेली. कितीतरी शॉर्टफिल्मचं शूटिंग होतं आणि पुढे ते सगळं कोणाच्या तरी हार्डडिस्कमध्ये पडून राहतं, त्यामुळे ही गोष्ट कमी समजू नका. तुमच्या पत्रातल्या वेगळ्याच वाक्यावर आमचं बोट थांबलं. गावात फिल्म कोणी पाहिलेली नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. नऊ नकारांनी तुम्हाला काहीच शिकवलं नाही, कारण महोत्सव नकाराचं कारण सांगत नाहीत. कुठे माणसं कंटाळली, कुठला संवाद ऐकूच आला नाही, आई रडते तेव्हा कोणी हसलं का, हे सांगणारा प्रेक्षक तुमच्या गल्लीतच होता आणि त्यालाच दार बंद राहिलं. तुमचे तिन्ही पर्याय हे दार बंद ठेवूनच मांडलेले आहेत.

कॅमेऱ्याचा मुद्दा आधी मिटवून टाकू. ८०,००० मध्ये कॅमेरा आणि एक लेन्स येईल. मग माइकला, ट्रायपॉडला, जास्तीच्या बॅटरीला पैसे उरणार नाहीत. शिवाय ती वस्तू एकाच्या घरी राहील आणि तो बाहेरगावी गेला की ८ जण रिकामे बसतील. तुमच्या मोबाइलचं चित्र पडद्यावर चालण्याइतकं चांगलं असतं. बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी, आणि तिन्हींचा इलाज फुकट आहे.

पहिलं, ट्यूबलाइटखाली चित्रात सरकणारे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. मोबाइल मात्र कंपनीतून सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर, लावून आलेला असतो. फ्रेम रेट २५ आणि शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, १/५० सेकंद ठेवा, पट्टे बहुतेक जातात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये हे मिळालं तर ठीक, नाहीतर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप ज्या फोनवर चालतं त्यावर घ्या. दुसरं, माणूस दारातून आत आला की चित्र आपोआप उजळतं-मंदावतं. एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही लॉक करून मगच रेकॉर्ड दाबा. तिसरं जरा फसवं आहे. मोबाइल उजेड पाहून फ्रेम रेट स्वतःच वरखाली करतो, आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांशी जुळला तरी आठव्या मिनिटाला घसरतो. एडिटिंगला बसण्याआधी सगळ्या क्लिप हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ करून काढल्या की ही रड थांबते. उन्हाळ्याची एक भर त्यात घाला : आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मोबाइल तापून रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतो. कव्हर काढा, दोन शॉटच्या मध्ये फोन सावलीत ठेवा आणि सकाळी १० नंतरचं काम घरातल्या प्रसंगांसाठी राखा.

आता आवाज. पैसे कुठे घालायचे असं एका शब्दात विचाराल तर उत्तर आवाजावर. धूसर चित्र प्रेक्षक सोसतो. शब्द कळला नाही की तो शेजाऱ्याला ‘काय म्हणला?’ विचारतो, आणि तिथून पुढचे दोन संवाद दोघांचेही जातात.

वायरचा कॉलर माइक हजाराच्या आतबाहेर मिळतो. असे दोन घ्या. ज्याचा संवाद आहे त्याच्या खिशात दुसरा मोबाइल, त्याला हा माइक, मोबाइल एअरप्लेन मोडवर. झाला तुमचा रेकॉर्डर. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कापडाच्या आतून चिकटपट्टीने पक्का बसवा. सिंथेटिक साडी किंवा शर्ट माइकवर घासला की खरखर येते आणि ती नंतर निघत नाही, म्हणून सुती कपडा बरा. उरलेल्या पैशात एक शॉटगन माइक घ्या, म्हणजे रोखला त्या दिशेचाच आवाज पकडणारा लांबट माइक. त्याला हजारोंचा बूम दांडा नको, रंगारी रोलरला लावतात तो लांबणारा दांडा पुरतो. माइक डोक्यावरून तिरका, तोंडाकडे रोखलेला आणि फ्रेमच्या जेमतेम बाहेर. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या शब्दालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कोणतंही सॉफ्टवेअर शिवत नाही. प्रत्येक शॉटच्या आधी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज बसला. आणि प्रत्येक जागेचा निव्वळ शांततेचा एक मिनिट रेकॉर्ड करून आणा, सगळे गप्प उभे राहून. दोन संवादांच्या फटीत हीच शांतता भरावी लागते. मुलं या एका मिनिटाला हमखास हसतात. हसू द्या, पुन्हा घ्या.

गावातला आवाज आपल्या वेळापत्रकाने चालत नाही. शेतीची लाईट आली की चहूकडे मोटारी सुरू होतात. पिठाची गिरणी सकाळी गजबजते. दुपारी तापलेले पत्रे कडकडतात आणि पावसात त्याच पत्र्याखाली संवाद घेणं अशक्य. म्हणून जागा बघायला जाताना दिवस तोच नसला तरी वेळ तीच ठेवा, आणि १० मिनिटं डोळे मिटून बसा. घरात शूटिंग असेल तर पंखा आणि फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की गाडीची चावी त्यातच ठेवायची. जाताना चावी शोधताना फ्रीज सुरू करायची आठवण होते, नाहीतर ज्या घराने जागा दिली त्यांचं दूध नासतं आणि पुढच्या वेळी ते घर तुमच्यासाठी उघडत नाही.

राहता राहिला मास्तर. ३ दिवसांच्या कार्यशाळेला आमचा विरोध नाही, तुम्ही ती ज्या टप्प्यावर घेताय त्याला आहे. हातात काही नसताना आलेला तज्ज्ञ सगळ्यांना सगळं सांगून जातो. शॉटचे प्रकार, लेन्सचे प्रकार, पटकथेचे तीन अंक. वही भरते. चौथ्या दिवशी तुम्ही होता तिथेच. तोच माणूस तुमचा रफ कट, म्हणजे कच्ची जोडलेली फिल्म, तयार असताना एक दिवस आला तर त्या दिवसाची किंमत कितीतरी पट होते. बोलवायचा तर दिग्दर्शकापेक्षा संकलक (एडिटर) किंवा साउंड रेकॉर्डिस्ट बोलवा. तुमच्या चुका त्यांच्या टेबलावर उघड्या पडतात आणि त्या त्यांना नावानिशी माहीत असतात. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस थेट परभणीला येते, राहायची सोय कोणाच्याही घरी होईल. मानधन तुम्हाला झेपेल तेवढंच आधी स्पष्ट कळवा. नाही म्हणतील ते नाही म्हणतील, मध्येच घासाघीस नको. येणं जमलं नाही तर रफ कटवर वेळेचे आकडे दिसतील असा करून पाठवा आणि तीनच प्रश्न विचारा. ‘फिल्म कशी वाटली?’ हा त्यातला एक नको. ‘४ मिनिटं १० सेकंदांनंतर मुलगा घर सोडतोय हे कळतं का?’ असा हवा.

तोवर शिकवणार कोण? तुम्हीच. दचकू नका. तुम्ही मराठी शिकवता, म्हणजे कथेत कोण बोलतंय, काय लपवलंय, शेवट आधी कुठे पेरलाय हे रोज फळ्यावर मांडता. पटकथेला लागतं ते यातलंच बरंचसं. यंत्राची बाजू मुलं तुमच्याआधी शिकतील. चित्रपटाची भाषा परक्या शब्दांतून यावी असंही काही नाही. परळी-विकाराबाद रेल्वेमार्गावर तेलंगणातल्या झहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचं काम आहे. तिथल्या शेतमजूर दलित बायका अनेक वर्षांपासून स्वतः व्हिडिओ फिल्म करतात. त्यांनी शॉटला आपली नावं दिली. वरून खाली पाहणारा तो पटेल शॉट, कारण जमीनदार असाच पाहतो. डोळ्यांच्या पातळीवरचा तो संघम शॉट, कारण संघमच्या, म्हणजे गावातल्या बायकांच्या गटाच्या, बैठकीत सगळ्या एका पातळीवर बसतात. एवढ्या दोन नावांत अँगलचा अख्खा तास संपतो. तुमच्या मुलांना त्यांची नावं शोधू द्या.

पहिल्या रविवारचा धडा सांगतो, तो तुमच्या बसस्टँडसमोरच्या पंक्चरच्या दुकानात होईल. दोघादोघांच्या जोड्या, एक मोबाइल, संवाद नाही, ५ शॉट, फिल्मची लांबी १ मिनिट. मुलं बहुतेक काय करतील ते आधीच सांगून ठेवतो. रस्त्यापलीकडून दुकान, मग दुकानदार टायर उकलतोय, मग तोच थोडा जवळून, मग पुन्हा तोच डावीकडून, शेवटी गाडी निघून जाते. वर्गात लावा आणि ज्याने पंक्चरचं दुकान पाहिलंच नाही अशा माणसासारखं बघा. तो माणूस घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब का फिरवतोय हे कोणालाच कळणार नाही. कारण बुडबुडा दाखवलेला नाही.

पुढच्या रविवारी तिथेच परत पाठवा. या वेळी बुडबुड्याचा शॉट पूर्ण फ्रेमभर हवा : पाणी, काळी ट्यूब, एका ठिकाणाहून येणारी बारीक माळ, आणि तिथेच टेकलेला अंगठा. हा शॉट मिळाला की बाकीचे चार आपोआप जागा बदलतात. त्याच्या आधी दुकानदाराचे शोधणारे डोळे लागतात, त्याच्यानंतर कानस घासणारा हात. क्लोजअप कशासाठी असतो हे आता समजावून सांगावं लागत नाही. याच धड्यात आणखी दोन ठेचा लागतील. कोणीतरी अर्धे शॉट दुकानाच्या आतून आणि अर्धे रस्त्याकडून घेऊन येईल, आणि जोडल्यावर कानस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चालेल. दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत जमिनीवर खडूने रेघ ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवायचा. दुसरी ठेच कंप्रेसरची. तो सुरू असताना घेतलेला शॉट बंद असतानाच्या शॉटला जोडला की आवाज कुऱ्हाडीने तोडल्यासारखा तुटतो. कंप्रेसरचा आवाज वेगळा मिनिटभर घ्यायचा आणि सगळ्यांखाली अंथरायचा.

असे चार-पाच धडे झाले की ५ मिनिटांची फिल्म. त्याआधी नाही.

दर १५ दिवसांनी एकत्र बसून बघायचं, आणि तेही थोडंच. १० मिनिटांची एक शॉर्टफिल्म दोनदा. पहिल्यांदा नेहमीसारखी, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग कट मोजा, कॅमेरा कुठे ठेवला होता ते फळ्यावर काढा. ‘आवडली-नाही आवडली’वर मुलं तासभर भांडतात आणि हाती काही लागत नाही, त्यामुळे तो शब्द त्या तासापुरता बंद. दुसऱ्यांच्या फिल्म दाखवायच्या तर कायदा तुमच्या बाजूला आहे, पण ठरावीक मर्यादेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित माणसं एवढेच असतील तर चित्रपट दाखवता येतो. तोच चित्रपट देवळासमोरच्या मैदानात दाखवला की परवानगी हवी. शॉर्टफिल्मवाल्यांना सरळ पत्र लिहून मागितलं तर ते सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांनाही प्रेक्षक हवाच असतो. फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ पासून आहे, पुढेमागे त्याचं सदस्यत्व घेता येईल. मात्र संस्था नोंदवायची घाई नको. त्याला किमान ७ सभासद, घटना, दरवर्षीचे हिशेब लागतात. अध्यक्ष कोण यावर फुटलेल्या गटांनी फिल्म केल्याचं ऐकिवात नाही.

तुमच्या फिल्मच्या विषयाबद्दल थोडं टोचणारं बोलतो. भेगाळलेली जमीन, विहिरीत डोकावणारा बाप, झाडाला दोर, मागे बासरी. मराठवाड्यातून आलेली फिल्म अशी असणार हे निवड करणाऱ्याला पहिल्या मिनिटाला कळतं, आणि तो पुढच्या लिंककडे जातो. विषय खोटा नाही, तो कसा पाहिला हे उसनं आहे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा कॅमेऱ्यांची गर्दी स्टेशनात होती. त्या पाण्याचा एक ड्रम घरात किती दिवस आणि कोणत्या क्रमाने पुरवायचा, आधी अंघोळ, मग तेच पाणी धुण्याला, मग झाडाला, हे दाखवायला त्या घरातला माणूस लागतो. तुमच्या मुलांकडे असलं किती आहे! एमपीएससीच्या अभ्यासिकेत पाचव्या वर्षी बसलेला दादा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरात मागे राहिलेली आजी आणि दोन नातवंडं. शेवटच्या एसटीसाठी सायन्सचं प्रॅक्टिकल अर्धवट सोडणारी मुलगी, ती तर तुमच्याच वर्गात असेल.

खऱ्या माणसांवर डॉक्युमेंटरी करणार असाल तर संमती आधी लेखी किंवा कॅमेऱ्यावर घ्या आणि तयार फिल्म पहिल्यांदा त्यांनाच दाखवा. मुकादमाची उचल, कर्ज, जातीचा उल्लेख असलेलं वाक्य तुमची टाळी मिळवेल आणि त्या माणसाचं पुढच्या हंगामाचं काम घालवेल. लहान मुलं कामाला घेतलीत तर पालकांची लेखी संमती घ्या. बालकलाकारांसाठी दिवसाला ५ तासांची आणि सलग ३ तासांची मर्यादा नियमात आहे, ती आपल्या हौशी कामातही पाळा. आणि वेरूळ, दौलताबाद किंवा बीबी का मकबरा पार्श्वभूमीला हवाच असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी काढा, ट्रायपॉड दिसला की तिथे अडवतात.

नट शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. युवक महोत्सवात आणि राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांची अडचण एकच, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेला आवाज. माइक वीतभर अंतरावर आहे हे त्यांना सांगून भागत नाही. इअरफोन लावून त्यांना त्यांचाच आवाज ऐकवा, दुसऱ्या टेकला ते स्वतःच खाली येतात.

गाण्यांच्या बाबतीत कठोर राहा. सिनेमातलं गाणं मागे टाकलं की यूट्यूबवर हक्काचा दावा येतो आणि महोत्सव कागद मागतो. त्यापेक्षा गावातल्या बाईकडून जात्यावरची ओवी गाऊन घ्या. ओवी परंपरेची असली तरी आवाज तिचा आहे. तिला पैसे द्या आणि साध्या कागदावर करार करा. करारात मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहा, आणि नट, लेखक, संगीतकार सगळ्यांशी असाच कागद पहिल्या दिवशीच करा. मैत्री आहे तोवर सही सोपी असते.

महोत्सवांचं गणित असं आहे. शॉर्टफिल्मचे खेळ साधारण दीड तासाच्या गठ्ठ्यात लावतात. २२ मिनिटांची फिल्म दोन छोट्या फिल्मची जागा खाते, त्यामुळे ती दुप्पट चांगली असावी लागते. तुमच्या फिल्मची पहिली दोन मिनिटं पुन्हा बघा. त्यात लोगो, आभार आणि ड्रोनचा शॉट गेला असेल तर ते कापून शेवटी टाका. १४ मिनिटांची करून पाहा, आणि कापणारा माणूस दिग्दर्शक नसावा. इंग्रजी सबटायटल एका वेळी दोनच ओळींची, वाचायला पुरेशी थांबणारी. ‘लेकराला काय सांगू मी’मधलं लेकरू ‘चाइल्ड’ झालं तरी चालेल, पण वाक्याचा जीव गेला का हे तुमच्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांना विचारा. फिल्म यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली करू नका, काही महोत्सव त्यावरून बाद करतात. लिंक पासवर्डची ठेवा.

दर महिन्याला ‘पुरस्कार’ वाटणारे ऑनलाइन महोत्सव ओळखायची खूण सोपी आहे : सभागृह कुठे, तारखा कोणत्या, गेल्या वर्षी कोणत्या फिल्म दाखवल्या? उत्तर नसेल तर प्रवेश शुल्क भरू नका. पूर्वी भरलेलं किती गेलं याचा हिशेब मात्र गटासमोर मांडा, तो उपयोगी पडेल. जवळचा अजिंठा-वेरूळ महोत्सव छत्रपती संभाजीनगरातच भरतो. तिथे तिघांनी प्रतिनिधी म्हणून जायचं, पूर्ण दिवस बघायचं आणि परत येऊन बाकीच्यांना शिकवायचं. फिल्म निवडून येण्याची वाट न बघता हे करता येतं.

पुण्याच्या कोर्सचं बोलणारे दोघे चुकीचे नाहीत. ज्याला हा पेशाच करायचा आहे त्याने एफटीआयआय या पुण्याच्या सरकारी चित्रपट संस्थेच्या प्रवेश परीक्षेची किंवा तिथल्या छोट्या अभ्यासक्रमांची तयारी जरूर करावी. मराठवाड्यातच राहायचं तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. पण त्याचा खर्च सामायिक पैशातून नको. हे ८०,००० गटाला मिळाले आहेत, एकाच्या भवितव्याला नाहीत. गटाच्या पैशातून कोणाला आठवडाभराच्या वर्गाला पाठवलंत तर परतल्यावर तीन रविवार शिकवायचे, ही अट आधी घाला.

आता वाटणी. आवाजाच्या सामानाला १४,०००. ट्रायपॉड, उजेड परतवायला थर्मोकोलचे तक्ते, काळं कापड मिळून ४,०००. दोन हार्डडिस्कना १०,०००. दोन का, तर एक बिघडतेच म्हणून, आणि दोन्ही एका घरात ठेवायच्या नाहीत. ४के चित्रणाला मिनिटाला १७० ते ३५० एमबी लागतात हे लक्षात घेतलं तर साध्या १०८० मध्ये शिकणं शहाणपणाचं, ते ६० ते १३० एमबीत भागतं आणि कॉलेजचा जुना संगणकही मान टाकत नाही. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालेल. दाविंची रिझॉल्व्हसाठी १६ जीबी रॅमचा संगणक मिळेपर्यंत थांबा. पडदा आणि दोन स्पीकरला २०,०००. चार छोट्या फिल्मना प्रत्येकी ५,०००, त्यात जेवण आणि प्रवास आधी. सोयाबीन काढणीच्या दिवसांत कोणी रोज बुडवून येणार असेल तर त्याची मजुरीही यातूनच द्यायची. पाहुण्या संकलकाला ८,००० आणि महोत्सवांना उरलेले ४,०००. आकडे गावच्या भावाप्रमाणे हलवा, फक्त फिल्मच्या २०,००० ला हात लावू नका.

गटाचा निर्णय तुम्ही घ्यायचा की मुलांनी, हा प्रश्न आता येईलच. त्याचं उत्तर : पैसे तुमच्या सहीने, काम फिरत्या पाळीने. या फिल्मचा दिग्दर्शक पुढच्या फिल्मला बूम धरेल. पाळी लावली नाही तर काय होतं ते तुम्ही बहुधा पाहिलं असेल, मुलं कॅमेऱ्यामागे आणि मुली मेकअप, कपडे आणि चहा. मुलींच्या घरी शूटिंगची वेळ लेखी कळवा, सकाळी ७ ते दुपारी ४, शेवटच्या गाडीच्या बऱ्याच आधी संपणारी. घरच्यांचा नकार बहुतेक वेळा सिनेमाला नसतो, रात्रीला असतो.

आणि सगळ्यात आधी ती २२ मिनिटांची फिल्म लावा. सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे चौकात बोर्ड न लावता, तिकीट न ठेवता, नावानिशी निमंत्रण देऊन कॉलेजच्या आवारात करा, प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन. कलाकारांच्या घरचे, ज्यांच्या वाड्यात शूटिंग झालं ते, ज्यांनी पैसे दिले ते, ६०-७० माणसं पुष्कळ. कॉलेजचा प्रोजेक्टर ३,००० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) असला तर अंधारात १० फुटी पडद्याला पुरतो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त डब्यावरचे ‘१०,००० ल्यूमेन’ खरे मानू नका, एएनएसआय, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेले, ल्यूमेन किती ते पाहा. पडद्याला फ्लेक्स बॅनरची पांढरी पाठ चालते, सुरकुती पडू नये म्हणून खाली बांबू बांधा. स्पीकर डीजेचे नकोत, त्यांच्या दणदणाटात संवाद बुडतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर लावा, कारण लाईट अचानक गेली की पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा उडतो. दुपारीच एकदा पूर्ण फिल्म लावून शेवटच्या ओळीत बसून ऐका.

खेळ सुरू झाला की तुमच्यातल्या तिघांनी पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत बसायचं, हातात घड्याळ आणि वही. कितव्या मिनिटाला मोबाइलचे उजेड दिसले, कधी खोकला वाढला, कधी सगळे गप्प झाले. ती वही घेऊन दुसऱ्या दिवशी एडिटिंगला बसा.

उन्हाळ्यात करणार असाल तर साडेसातच्या आधी पडद्यावर काही दिसत नाही. आणि तारीख ठरवण्याआधी लग्नतिथी बघून घ्या. तिथ असली की डीजे आणि प्रेक्षक, दोन्ही मंगल कार्यालयात असतात.